मुदत भरणे

मीनाक्षी दाबके नाशिकच्या एका सहकारी बँकेत मुदत ठेवींच्या काउंटरवर बसायची. मी तिला ओळखते ती मात्र राबिघची. लाल समुद्राच्या काठचं हे सौदीतलं गाव म्हणजे एक भलीमोठी रिफायनरी आणि तिच्या जिवावर राहणारे आम्ही लोक. तिचे यजमान गुरुनाथ आणि माझे यजमान एकाच प्लँटवर. आमची घरंही एकाच कंपाउंडमध्ये, मधे फक्त बोगनवेलीची रांग. त्यामुळे ही हकीकत थोडी मी पाहिलेली आहे, आणि उरलेली तिच्याच तोंडून ऐकलेली.

ती इथे आली तेव्हा पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. मुलगी स्मृती पुण्याला शिकत होती. गुरुनाथ बरीच वर्षं इथे एकटाच राहायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. तपासण्यांत काही निघालं नाही, पण मीनाक्षीने तिकडे राजीनामा दिला, इथला राहण्याचा परवाना, इकामा, करून घेतला आणि बॅगा भरून आली. बँकेत तिला निम्मी पंचवटी ओळखायची. दुसरा काउंटर मोकळा असला तरी पेन्शनर मंडळी तिच्याच रांगेत उभी राहायची, कारण पावती हातात देताना ती प्रत्येकाला सांगायची, "अमुक महिन्यात मुदत भरतेय हं काका, विसरू नका." इथे तिला कोणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. गुरुनाथ पहाटे बसने जायचा. मग ती कपाटं पुसायची, समुद्रापर्यंत चालत जायची, आणि ऊन चढलं की परत यायची.

नेरिमान तिला कंपाउंडच्या बकाल्यात भेटली. बकाला म्हणजे इथलं किराणा दुकान. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी दह्याचा डबा हातात धरून दुकानदाराला काहीतरी विचारत होती. दुकानदार मलबारी. त्याने आधी दुसरं दही पुढे केलं, मग ताक, मग चीज. म्हातारी मान हलवत राहिली आणि तोच शब्द परत परत म्हणत राहिली. मागे उभ्या असलेल्या मीनाक्षीला तो शब्द एकदम कळला. ती म्हणत होती, "तारीह, तारीह." मीनाक्षीने डबा तिच्या हातातून घेतला, तळाशी छापलेली तारीख शोधली आणि बोटांवर मोजून दाखवलं की अजून पुष्कळ दिवस आहेत. म्हातारीने दही घेतलं, आणि दुसऱ्या हाताने मीनाक्षीचा दंड घट्ट धरला तो तिच्या घराच्या दारापर्यंत सोडला नाही.

नेरिमान तुर्कस्तानातल्या अमास्याची. नवरा गेल्यावर मुलासोबत मक्केला उमरा यात्रा करायला आली आणि मुलाकडेच राहिली. मुलगा इल्हान एका तुर्की कंत्राटदाराकडे इंजिनियर होता. त्याची बायको मुलांच्या शाळेसाठी अंकाराला राहायची. म्हणजे दिवसभर घरात एकटी बसणाऱ्या बायका आता दोन झाल्या.

पुढे रोज सकाळी मीनाक्षी तिच्याकडे चहाला जाऊ लागली. सुरुवातीला त्या वस्तूंकडे बोट दाखवून बोलायच्या. साबणाला तुर्कीत साबुन, कागदाला क्याट, बदामाला बादेम, दुनियेला दुन्या. मीनाक्षीला याचं फार अप्रूप वाटायचं. हिशेबाला ती बाई हेसाप म्हणते, बाकीला बाकीच म्हणते, असं ती आम्हाला शुक्रवारच्या जेवणाला सांगायची. मग तिने इंटरनेटवरचा एक तुर्की वर्ग लावला. दुपारी तिथे शिकायची आणि सकाळी ते नेरिमानवर वापरून बघायची. नेरिमान चुका हसून दुरुस्त करायची. तिला मीनाक्षी "तेय्झे" म्हणायची. त्यांच्यात आईच्या बहिणीला तसं म्हणतात, म्हणजे आपली मावशी. आणि नेरिमान तिला म्हणायची "कझम", माझ्या पोरी. दोन-तीन वर्षांत मीनाक्षी इतकं तुर्की बोलायला लागली की इल्हान गमतीने म्हणायचा, माझ्या मुलांपेक्षा हिचं अमास्याचं बोलणं अस्सल आहे.

मग नेरिमानचं जेवण कमी झालं. आधी उन्हाळा म्हणून सोडून दिलं. रुमालाखालचा चेहरा पिवळट दिसायला लागला तेव्हा मीनाक्षीनेच इल्हानच्या मागे लागून जेद्दाच्या हॉस्पिटलात नाव नोंदवलं. इल्हानचा प्लँट तेव्हा दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला, त्या दुरुस्तीच्या कामातून त्याला एक दिवस सुटी मिळणं कठीण. मीनाक्षीकडे गाडीचं लायसन्स होतं. गुरुनाथ नको म्हणायचा, पण तीच नेरिमानला बाजूला बसवून हायवेने जेद्दाला न्यायची आणि आणायची. डॉक्टर हैदराबादचे निघाले, मोहियुद्दीन नावाचे. ते मीनाक्षीशी हिंदीत बोलायचे, आणि मीनाक्षी ते तुर्कीत नेरिमानला सांगायची.

रिपोर्ट घ्यायला मात्र इल्हान एकटा गेला. पोटात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. परत आल्यावर तो आधी दाबक्यांच्या दारात आला. आत यायला तयार होईना. दारातच त्याने इंग्रजीत सांगितलं की आईला पित्ताशयाला सूज आहे एवढंच कळू दे, डॉक्टर काहीही म्हणोत, तुम्ही तिला तेवढंच सांगा. मीनाक्षी हो म्हणाली. त्याचं तोंड बघून दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं, असं ती मला म्हणाली.

त्यानंतरच्या फेऱ्यांत ती खोटं बोलत राहिली. डॉक्टर म्हणायचे, दुखणं वाढेल तेव्हा ही गोळी द्या. ती सांगायची, सुजेवरची गोळी आहे. नेरिमान मान डोलवायची. एकदा परतताना नेरिमान गाडीत म्हणाली, "तू हल्ली थोडक्यात सांगतेस." मीनाक्षीने रस्त्यावरचे उंट दाखवून विषय बदलला.

याच दिवसांत राजाभाऊंचं काम आलं. राजाभाऊ हे तिचे मावसभाऊ. पुण्यात त्यांची छोटी कंपनी आहे, बँकांच्या ॲपमधला इंग्रजी मजकूर वेगवेगळ्या भाषांत करून देणारी. एका ॲपचं तुर्की भाषांतर मशीनने केलेलं होतं. बँकेतलं कळणारं आणि तुर्कीही येणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि असं माणूस आपल्याच घरात आहे हे त्यांना एका लग्नात कळलेलं. मीनाक्षी खूश झाली. इतक्या वर्षांनी व्याज, ठेव, वारस हे शब्द तिच्या समोर परत आले. सकाळी नेरिमानच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती एकेक ओळ तपासायची, अडलं की विचारायची. नेरिमानलाही त्यात मजा वाटायची. आजाराबद्दल बोलण्यापेक्षा ते बरं होतं.

एका सकाळी शब्द आला "मॅच्युअर". तुमची ठेव अमुक दिवशी मॅच्युअर होईल, असं वाक्य. मशीनने तिथे जे क्रियापद घातलं होतं ते होतं ओल्गुनलाश्माक. मीनाक्षीने वाचून दाखवलं तशी नेरिमान हसायला लागली. कितीतरी दिवसांनी अशी हसली. ते म्हणे फळाला म्हणतात, किंवा पोरगा शहाणा झाला की म्हणतात. बँकेतले पैसे काय झाडावर लटकून पिकतात?

"मग तुम्ही काय म्हणता?" मीनाक्षीने विचारलं.

"वादेसी दोल्माक."

मीनाक्षीने ते सोडवून पाहिलं. वादे म्हणजे ठरवून दिलेली वेळ. आपला वायदा तोच. आणि दोल्माक म्हणजे भरणं, घागर भरते तसं. वायदा भरणं. मुदत भरणं. तिच्या काउंटरवर ती रोज जे म्हणत होती, शब्दाला शब्द तेच. इंग्रजीत ठेव पिकते, आणि तुर्कीत आणि मराठीत ती भरते, हे बघून तिला इतका आनंद झाला की तिने आमच्या बँकेतही असंच म्हणतात म्हणून नेरिमानला "मुदत भरली" मराठीतून दोनदा म्हणून दाखवलं.

नेरिमानने ते शब्द तोंडात घोळवले. मग चहाचा पेला बशीत ठेवला आणि म्हणाली, "आमच्यात माणसालाही म्हणतात. वेळ आली की म्हणतात, याची वादे भरली."

 आपल्यातही म्हणतात, दिवस भरले म्हणून, हे मीनाक्षीच्या ओठांवर आलं होतं.

"कझम," नेरिमान म्हणाली, "माझी भरली का?"

मीनाक्षीने लॅपटॉप मिटला. गुरुनाथ जेवायला येईल, भात टाकायचाय, असं काहीतरी सांगून ती उठली. गुरुनाथ दुपारी कधीच जेवायला येत नव्हता, आणि हे नेरिमानला चांगलं माहीत होतं.

घरी येऊन तिने आईला नाशिकला फोन लावला. का लावला ते तिलाही सांगता येत नाही. वडिलांबद्दल बोलायचं होतं. तिचे वडील शिक्षक होते. शेवटच्या आजारात घरच्यांनी त्यांना अल्सर आहे असं सांगून ठेवलं होतं. त्यातच त्यांच्या एका ठेवीची मुदत भरली. ते रिक्षा करून बँकेत आले, मीनाक्षीच्याच रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, परत ठेव, पाच वर्षांसाठी. मीनाक्षीने समोर बसून पाच वर्षांनंतरची तारीख लिहिली. ती तारीख ते बघणार नाहीत हे ठाऊक असून लिहिली. पावती त्यांच्या हातात दिली, मुदत कधी भरते तेही सांगितलं. दिवाळीच्या आधी ते गेले. हे तिने कधी कोणाशी बोललेलं नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. औषधाच्या बाटलीवरचं नाव त्यांनी केमिस्टला विचारलं होतं. मला म्हणाले, मीनूला बोलू नकोस, ती धीराने वागतेय तर वागू दे."

"मग पाच वर्षं का म्हणाले?"

"तू समोर बसली होतीस ना. तुझ्या तोंडावर सहा महिने म्हणायचं कसं त्यांनी?"

मीनाक्षी म्हणते, आईने फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिली. रडू आलं ते वडील गेले म्हणून नव्हतं. आपण त्यांना सांभाळतोय असं तिला वाटत होतं, आणि तेच तिला सांभाळत होते. दोघंही एकाच खोलीत एकटे होते. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणारी ती माणसं, त्या शेवटच्या महिन्यांत फक्त हवापाण्याचं बोलली.

गुरुनाथ संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला सांगितलं की आपण यापुढे नेरिमानशी खोटं बोलणार नाही. गुरुनाथ शांत माणूस. त्याचं म्हणणं पडलं की हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, आईचा आणि मुलाचा, आपण परके. उद्या इल्हान म्हणाला की तुम्ही माझ्या आईचा धीर घालवलात, तर काय उत्तर देशील? मीनाक्षीला ते पटलं. म्हणून ती नेरिमानकडे गेली नाही. इल्हान कामावरून येण्याची वाट बघत कंपाउंडच्या फाटकाशी उभी राहिली.

ते दोघं समुद्राच्या बाजूच्या बाकावर बसलेले मी माझ्या खिडकीतून पाहिले होते. तेव्हा वाटलं होतं, हिशेबबिशेब काही असेल. मीनाक्षीने त्याला सांगितलं की मी आपण होऊन काही बोलणार नाही. पण आईने विचारलं तर खोटं सांगणार नाही, आणि तिने विचारलं आहे. इल्हान आधी चिडला. तुम्हाला आमच्या घरात किती येऊ दिलं, असंही म्हणाला. मग आवाज खाली आणला.

"मी तिला सांगितलं तर ती अमास्याला जाते म्हणेल," तो म्हणाला.

"जाऊ द्या की."

"आणि मी इथे?"

या माणसाला इतके दिवस नेमकी कशाची भीती वाटत होती ते मीनाक्षीला तेव्हा कळलं. चाळिशी उलटलेला, शंभर माणसं हाताखाली असलेला तो इंजिनियर संध्याकाळी घरी आला की आईने दार उघडावं, एवढंच त्याला हवं होतं. मीनाक्षीने मग वडिलांची गोष्ट त्याला सांगितली. त्याने सगळी ऐकली. उठताना एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी मीही येतो.

पुढच्या वेळी तिघंही गेले. डॉक्टर मोहियुद्दीननी रक्ताचे रिपोर्ट चाळले, दुखतं का विचारलं, भूक विचारली. मीनाक्षी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती. सगळं झाल्यावर नेरिमानने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यांना विचार, माझी वादे भरली का. जसं विचारते तसंच विचार."

मीनाक्षीने इल्हानकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि होकार दिला. मीनाक्षी डॉक्टरांना म्हणाली, "पूछ रही हैं, मेरी मुद्दत पूरी हो गई क्या."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते इतके दिवस मीनाक्षीकडे बघून बोलायचे, या वेळी नेरिमानकडे बघून बोलले. "अभी नहीं हुई, अम्मा. मगर होने को है. जो करना है, जहाँ जाना है, अब कर लीजिए."

मीनाक्षीने शब्द न गाळता, न वाढवता ते तुर्कीत सांगितलं. भरली नाही, भरत आली आहे. तिचा आवाज कापला नाही, याचं तिला अजून नवल वाटतं. नेरिमानने ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रुमालाच्या टोकाने टिपलं. मग तिने मुलाचं डोकं जवळ ओढून आपल्या खांद्यावर टेकवलं आणि एखाद्या लहान पोराला थोपटतात तसं थोपटत राहिली. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर लागला होता, पण त्यांनी कोणाला आत बोलावलं नाही.

परतीच्या वाटेवर नेरिमान भरभरून बोलत होती. अमास्याच्या घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, गच्चीचं छप्पर गळतं ते दुरुस्त करून घ्यायला हवं, नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा धाकट्या दिराने बळकावली नाही ना ते बघायला हवं. इल्हान मागच्या सीटवरून हो म्हणत होता. मधेच ती मीनाक्षीला म्हणाली, "तुला फार जड गेलं ना गं इतके दिवस?" मीनाक्षीने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि तिथे बसून पोटभर रडून घेतलं. नेरिमान तिला रडू देत होती. इल्हान उतरून तिघांसाठी चहा घेऊन आला.

पंधरवड्यात तिची जायची तयारी झाली. मीनाक्षीने तिच्या बॅगा भरल्या, आणि जेद्दाच्या विमानतळापर्यंत सोडायला आम्ही सगळेच गेलो. इल्हानने कंपनीशी भांडून मोठी सुटी काढली आणि आईबरोबर गेला. अंकाराहून त्याची बायकामुलंही तिकडे येऊन राहिली. राबिघच्या त्या घराला कुलूप लागलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून नेरिमान बरीच जास्त जगली. अमास्या सफरचंदांचं गाव. तिने सफरचंदांचा हंगाम पाहिला, थंडी पाहिली. रोज सकाळी चहाच्या वेळी ती मीनाक्षीला व्हिडिओ कॉल करायची. फोन खिडकीत टेकवून ठेवायची, म्हणजे मागे नदी दिसायची. फार बोलणं व्हायचं नाही. मीनाक्षी इकडे भाजी निवडायची, ती तिकडे पडून असायची. मधेच विचारायची, आज काय केलंस? मग मीनाक्षी सांगायची, मेथी. नेरिमानला मेथी म्हणजे काय ते माहीत होतं. आमच्या कंपाउंडमध्ये ती कुंडीत तिनेच लावली होती. वसंतात एका सकाळी फोन आला नाही. मीनाक्षीने लावला नाही. दुपारी इल्हानचा आला.

तो परत आला तो दोन महिन्यांनी. येताना सामानातून सफरचंदाच्या सुकवलेल्या फोडींची पिशवी आणि नेरिमानचा एक फुलांचा रुमाल आणला. रुमाल मीनाक्षीच्या हातात दिला आणि उभाच राहिला. गुरुनाथने त्याला हात धरून आत आणलं. ताटं वाढली. गुरुनाथ एरवी जेवताना बोलत नाही, पण त्या दिवशी त्याने इल्हानला विचारलं, ते दिवस कसे गेले?

इल्हान म्हणाला की आईने त्याला जन्मभराचं बोलून घेतलं. वडील तरुणपणी कसे होते, तिला लग्नाआधी दुसरा एक मुलगा कसा आवडायचा, इल्हान पोटात असताना ती नदीत कशी घसरून पडली, सगळं. काही गोष्टींवरून ती त्याला चांगली रागावली. काहींबद्दल त्याने तिची माफी मागितली. "मी चाळीस वर्षं तिच्याबरोबर होतो," तो म्हणाला, "पण बोललो त्या महिन्यांत."

आता तो दर शुक्रवारी दाबक्यांकडे जेवायला येतो. कधी आम्हीही असतो. वरणभातावर लिंबू पिळायचं त्याला कोणी सांगितलेलं नाही, ते त्याने आपलं आपणच सुरू केलं. मीनाक्षी त्याच्याशी तुर्कीत बोलते, गुरुनाथ इंग्रजीत, आणि स्मृती सुटीला आली की मोबाइलमधून डोकं वर काढून हिंदीत. परवा त्याने दुसऱ्यांदा भात घेतला. वाढताना मीनाक्षी त्याला म्हणाली, बायकोला इकडे का आणत नाहीस, मुलांच्या शाळेचं बघू आपण. तो म्हणाला, विचारतो. तसं तो याआधीही म्हणायचा, पण या वेळी त्याने जेवता जेवताच फोन काढला.